दोन तासांचं काम आणि सुशिलाबाईंची बादली

"दोन तासांचं काम आहे जी, शेठजी! साडेअकराला मी घरी जेवाले जातो, तुमी पाहजा!"

जागेश्वर पटले हे बोलला तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते. ही फुशारकी नव्हती हो, सवय होती. गोंदियाबाहेर तिरोड्याच्या रस्त्यावर ही राईस मिल, आणि तिच्या बॉयलरवर जागेश्वर अठ्ठावीस वर्षं. या अठ्ठावीस वर्षांत त्याचं एकही दोन तासांचं काम त्याच दिवशी संपलं नव्हतं. तरी माणूस बोलतोच. वय छप्पन्न, झोप चार तासांची, कमरेत उसण. 'दोन तास' म्हटलं की निदान दोन तासांनी कुठंतरी टेकायला मिळेल एवढी आशा तरी राहते.

काम काय होतं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कोणी मध्येच हात वर करायला नको. या मिलमध्ये उसना, म्हणजे उकडा तांदूळ निघतो. धान भिजवायचं, वाफवायचं, मग ड्रायरमध्ये सुकवायचं. सगळी मदार वाफेवर. भुशाचा बॉयलर वाफ काढतो, वाफ ड्रायरच्या नळ्यांत जाते, धानाला ऊब देते, आणि ऊब देऊन दमली की तिचं पाणी होतं. हे चटका देणारं, स्वच्छ पाणी रिटर्न लाइननं बॉयलरच्या टाकीत परत यायला पाहिजे, म्हणजे भुसा कमी लागतो. पण लाइन जुनी, उतार कमी, निम्मं पाणी वाटेतच गडप! म्हणून वीरेंद्र शेठनी नागपूरहून नवा संच मागवला होता. एक टाकी आणि तिच्यावर दोन पंप. एक व्हॅक्यूमचा, तो लाइनीतली हवा ओढून पाणी खेचून आणणार. दुसरा ते पाणी बॉयलरकडे ढकलणार.

निम्मं पाणी जातं कुठं, हा शेठचा दोन वर्षांपासूनचा प्रश्न. त्या रागात त्यांनी फाटकावर पाटीही लावली होती: 'रिटर्न लाइनवर चोरून नळ बसवणाऱ्यास त्याच दिवशी कामावरून काढण्यात येईल. क्वार्टर असल्यास क्वार्टरही खाली करावे लागेल.'

"अरे, हमारे घर का देखो!" शेठ मिलच्या आवारातल्याच आपल्या बंगल्याकडे बोट दाखवून सगळ्यांना ऐकवायचे. "सोलर आहे सोलर! आषाढात ढग असले तरी पहाटे पाचला उकळतं पाणी! याला म्हणतात इमानदारी!"

हे ऐकताना जागेश्वर नेहमी आपल्या चपलांकडे बघायचा.

आता त्याच्या पोटातलीही गोष्ट सांगतो. मिलच्या मागच्या भिंतीला लागून जागेश्वरचं क्वार्टर. नऊ वर्षांपूर्वी त्याच्या बायकोचे, सुशिलाबाईंचे, गुडघे धरले. थंडीत तर सकाळी उठताना बाई भिंतीला धरून रडायच्या. डॉक्टर म्हणाले, गरम पाण्यानं शेका. आता बॉयलरवाल्याच्या बायकोनं गरम पाण्याविना रडायचं का? जागेश्वरनं एका रविवारी रिटर्न लाइनीला अर्धा इंची पाइप जोडला, भिंतीखालून काढला आणि न्हाणीत कॉक बसवला. तेव्हापासून सुशिलाबाई रडल्या नाहीत. बोलत मात्र भरपूर होत्या.

म्हणजे पाटीवरचा चोर तोच! त्या दिवशी नवे पंप बसणार म्हणून पहाटे, बाई अजून झोपेत असताना, जागेश्वरनं न्हाणीतला तो कॉक घट्ट बंद केला आणि गुपचूप कामावर आला. बायकोला काही बोलला नाही. बोलला असता तर, "आता गरम पाणी बंद? माह्या गुडघ्याचं काय?" इथून सुरुवात झाली असती आणि त्याला चहासुद्धा मिळाला नसता. संध्याकाळी सांगू, असं त्यानं ठरवलं. नवऱ्यांची बरीचशी कामं अशी संध्याकाळवर ढकललेली असतात.

पावणेदहाला नागपूरच्या कंपनीची इंजिनिअर आली. चेतना तिचं नाव. वय पंचविशीचं, डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात कागद लावलेलं पॅड आणि खांद्याला पिशवीभर कुलुपं.

"काका, पंप बसवण्याआधी लाइन बंद करायची, थंड करायची आणि कुलपं लावायची," ती म्हणाली. "मेन स्विचला एक, वाफेच्या व्हॉल्व्हला एक, आणि रिटर्न लाइनला जिथं जिथं कॉक आहे तिथं तिथं एक-एक. ज्याचं कुलूप त्याच्याच खिशात किल्ली. वर हा लाल टॅग."

टॅगवर छापलं होतं: 'काम चालू आहे. हात लावू नये.' खाली नाव आणि सही.

"अवो मॅडम, कुलूप कायले? आम्ही सगळे घरचेच लोक आहोत," भुसा टाकणारा बिसराम म्हणाला.

"घरचे लोकच हात लावतात!" जागेश्वर एकदम उसळला. इंजिनिअरसमोर आपणही जाणकार दिसलो पाहिजे ना! "बिसराम, तुले समजत नाही. एक माणूस पाइपात हात घालून बसला आहे आन् दुसऱ्यानं वाफ सोडली, तं त्या हाताचा उसना तांदूळ होते! शिस्त म्हणजे शिस्त. ज्याले ज्याले या लाइनीशी संबंध आहे त्याले सांगितलं पाहिजे."

"एकदम बरोबर काका!" चेतना खूश झाली. "मग लाइनीला जोडलेले सगळे कॉक दाखवलेत ना? एकही राहिला नाही?"

"एकही नाही जी."

"इथं सही करा."

जागेश्वरनं सही केली. सही जरा वाकडी आली, पण ती कमरेच्या उसणीनं असावी अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. न्हाणीतल्या कॉकला लाल टॅग कसा लावणार? टॅग लावला म्हणजे पाटीखाली आपलंच नाव लिहिल्यासारखं झालं. आणि कॉक तर त्यानं स्वतःच्या हातानं बंद केला होता! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण आपल्याकडे उगाच नाही.

लाइन थंड व्हायलाच अकरा वाजून गेले. चेतना काही घाई करू देईना. "पाइपला हात लावून नाही, थर्मामीटर लावून बघा!" मग पंपाला जमिनीत घट्ट बसवणं, पाइपला पंपाचं ओझं होऊ नये म्हणून खालून टेकू देणं, अर्थिंगची तार जोडणं. मग तिनं मोटर क्षणभर फिरवून पाहिली, तर पंप उलटा फिरला! बाण उजवीकडे, पंप डावीकडे!

"बघितलंत? दोन तारा अदलाबदल झाल्यात," चेतना म्हणाली. "पुन्हा स्विच बंद, पुन्हा कुलूप."

"पुन्हा?" जागेश्वर मटकन एका पोत्यावर बसला.

"पुन्हा, काका."

वरून बिरसी विमानतळावरचं एक शिकाऊ विमान घुर्र करत गेलं. त्याला तरी शिकून झाल्यावर सुट्टी मिळत असेल, असं जागेश्वरच्या मनात आलं. साडेअकराचं जेवण केव्हाच हवेत विरलं होतं. एक वाजता पंपात पाणी भरलं, कुलपं निघाली, बॉयलर पेटला, चिमणीतून धूर निघाला आणि एका ड्रायरला थोडी वाफ सोडली. शेठ हार घेऊन आले, नारळ फुटला. (पंपावर नाही! पंपावर फोडू म्हणताच चेतना अशी काही ओरडली की शेठनी तो मुकाट्यानं दगडावर फोडला.)

"सध्या दुसरा पंप बंद ठेवूया," चेतना म्हणाली. "जुन्या लाइनीतली पहिली घाण गटारात जाऊ द्या. पाणी स्वच्छ दिसलं की मगच बॉयलरकडे."

व्हॅक्यूम पंप सुरू झाला. घड्याळासारख्या तबकडीतली सुई हलली. एक... दोन... तीन... चार. आणि चारवर बसली ती बसलीच.

"दहावर जायला पाहिजे," चेतना म्हणाली. "लाइनीत कुठून तरी हवा शिरते आहे. कुठंतरी कॉक उघडा आहे."

शेठचे डोळे बारीक झाले. "नळ? चोरीचा? ढूँढो!"

हवा आत शिरते ती जागा शोधायची चेतनाची पद्धत फार सुंदर. ऑफिसातल्या देव्हाऱ्यातून तिनं उदबत्त्या मागवल्या. पेटती उदबत्ती प्रत्येक सांध्याजवळ धरायची. जिथं धूर आत ओढला जाईल तिथं भोक! भुशाच्या ढिगाकडं मात्र कोणी फिरकायचं नाही, आणि बिसरामनं पाण्याची बादली घेऊन मागं चालायचं. झालं! पुढं पिवळं हेल्मेट, हातात उदबत्ती, मागं शेठ, मागं मुनीम श्यामलाल, मागं बादलीवाला बिसराम आणि सगळ्यात शेवटी जागेश्वर. घंटा तेवढी कमी होती.

दुसऱ्या ड्रायरच्या मागं, रिकाम्या पोत्यांखाली धूर सर्रकन आत गेला. पोती उचलली तर नळ! शेजारी साबणाची वडी आणि दगड.

"हे कोणाचं?" शेठ गरजले.

बिसरामनं बादली खाली ठेवली. "मी एकटाच नाही जी आंघोळ करत. रातपाळीवाले सगळेच करतात."

नळ बंद केला. सुई सहावर. मिरवणूक पुढं निघाली. ऑफिसच्या मागच्या खिडकीखाली धूर पुन्हा आत गेला. तिथं नळ, आणि नळाला बांधलेली स्टीलची किटली!

"मुनीमजी, तुम भी?"

श्यामलाल चष्मा पुसू लागले. "शेठजी, चहा लवकर होते... गॅस वाचते..."

"तरीच या चहाला चव नाही!" शेठ किंचाळले. "वीस साल से मैं पाइप का पानी पी रहा हूँ!"

तोही नळ बंद केला. सुई सातवर आली. जागेश्वरला वाटलं, आता शेठचा राग शांत करावा आणि संशयही आपल्यापासून लांब न्यावा. तो पुढं झाला आणि बोलू लागला. "शेठजी, माणसाची नियत पाह्यजे! ज्या मिलनं पोटाले दिलं, त्याच मिलची ऊब चोरायची? काऊन रे बिसराम, लाज वाटत नाही?"

बिसरामनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. भुसा टाकणाऱ्याला बॉयलरभोवतीचं सगळं माहीत असतं. पण त्यानं फक्त बादली या हातातून त्या हातात घेतली, आणि तेच जागेश्वरला जास्त टोचलं.

तेवढ्यात चेतना तबकडीजवळून ओरडली, "काका, हे काय होतंय?"

सुई सातवरून सरळ चारवर आली होती! सगळे बघत राहिले. मिनिटभरानं ती आपोआप सातवर चढली. पाच-सात मिनिटं तिथं थांबली आणि पुन्हा धपकन चारवर!

"कोणीतरी भोक बुजवतं आणि पुन्हा उघडतं, असं दिसतंय," चेतना डोकं खाजवत म्हणाली. "असं मी कधीच पाहिलं नाही."

जागेश्वर मनात उजळणी करू लागला. आपण कॉक बंद केला होता. नक्की केला होता. स्वतःच्या हातानं, घट्ट! ...पण घरात आणखी दोन हात आहेत, हे त्याला आत्ता आठवलं.

"मॅडम, मी जरा घरून येतो. पाणी प्यायचं आहे."

"थांबा काका, टाकीत बघा!"

टाकीच्या काचेच्या नळीत फेस! पांढराशुभ्र, थरावर थर चढणारा फेस! चेतनानं पंप झटक्यात बंद केला. टाकीचं झाकण उघडताच आवारात चंदनाच्या साबणाचा वास दरवळला. जागेश्वरनं तो वास ओळखला. अठ्ठावीस वर्षं बॉयलरवर घालवूनही त्याचं नाक अजून शाबूत होतं, हे दुर्दैव! सुशिलाबाईंच्या भावानं राखीला दिलेल्या साबणाचा वास होता तो.

"हा फेस बॉयलरमध्ये गेला असता ना," चेतना पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाली, "तर पाण्याची पातळी खरी दिसलीच नसती. पाणी संपलं तरी काच भरलेली दिसली असती. नळ्या लाल झाल्या असत्या, आणि मग..." तिनं पुढचं वाक्य सोडून दिलं. "बरं झालं, दुसरा पंप बंद ठेवला होता."

जागेश्वर फेसाकडे बघत राहिला. बॉयलर फुटला तर भट्टीसमोर कोण असतो? बिसराम असतो. त्याच्या मागं आपण असतो. आणि भिंतीपलीकडं, दहा हातांवर, गुडघे शेकत बसलेली बाई असते. त्याला खरोखर भीती वाटली. पाटीची नाही, त्या फेसाची.

चेतनानं स्विचला पुन्हा कुलूप लावलं, किल्ली खिशात घातली आणि पंपापुढची गाळणीची जाळी उघडली. जाळीवर बुळबुळीत साबण, थोडे केस आणि तीन टिकल्या. मोठ्या, गोल, मरून रंगाच्या.

"टिकली?" शेठनी एक टिकली बोटावर घेतली. "हा नळ बाईमाणसाचा आहे! कौन लगाता है ऐसी टिकली?"

त्याच क्षणी मागच्या फाटकातून सुशिलाबाई आल्या. एका हातात रिकामी बादली, दुसऱ्या हातानं गुडघा धरलेला, आणि कपाळावर रुपयाएवढी मरून टिकली!

"अजी! आयकलं का?" बाई फाटकातूनच कडाडल्या. "तुमच्या बॉयलरले भूत लागलं का? नळातून पाणी यायचं सोडून बादलीतलं पाणी नळात जाऊन राहिलं!"

जागेश्वरनं डोळ्यांनी खूण केली. हातानं खूण केली. शेवटी मानही हलवली.

"मान काऊन हलवता? सकाळी कॉक बंद दिसला. म्हटलं, कोणं केला बाप्पा! मंग चिमणीतून धूर दिसला तं उघडला, रबरी नळी बादलीत सोडली, आन् बसली वाट पाहत. पाहतो तं भिजवलेल्या कपड्यातलं पाणी सर्रर्र खाली! हँडपंपावरून पुन्हा भरली, पुन्हा खाली! तीन बादल्या गेल्या! माहा साबण गेला, नळीले चिकटवलेल्या टिकल्या गेल्या! तुमचा बनियन अर्धा आत गेला होता, मी ओढून काढला!"

"म्हणून सुई वर-खाली होत होती!" चेतना आनंदानं ओरडली. "बादलीत पाणी असलं की भोक बंद, संपलं की उघडं!"

बाकी कोणाला आनंद झाला नाही. शेठनी बोटावरची टिकली पाहिली, बाईंचं कपाळ पाहिलं आणि मग जागेश्वरकडे वळले. "नियत, हाँ? मिल की ऊब, हाँ?"

"शेठजी, चूक झाली," जागेश्वर म्हणाला. आता लपवायला अंगात जोरही नव्हता. "नऊ वर्षं झाली. हिचे गुडघे... मीच बसवला. हिचा काही दोष नाही. मी सकाळी सांगितलं असतं तं हिनं हात लावला नसता. दुनियेले कुलूप लावलं, घरच्याच कॉकले लावलं नाही."

सुशिलाबाईंना आता कुठं काय झालं ते कळलं. त्यांनी बादली खाली ठेवली आणि नवऱ्याच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "काढाचं असन तं काढा शेठजी," त्या म्हणाल्या. "पण अठ्ठावीस वर्षांत तुमच्या बॉयलरले यायनं एक दिवस बिमार पडू दिलं नाही. मलेच पडू दिलं."

"पाटी म्हणजे पाटी!" शेठ म्हणाले. त्यांचाही आवाज थोडा खाली आला होता, पण सगळ्यांसमोर शब्द गेला होता. "उद्यापासून येऊ नको. क्वार्टर महिनाअखेर खाली कर."

न्हाणीतला कॉक बंद झाला, पाइपचं तोंड बूच लावून बंद केलं. टाकी, जाळी, सगळं दोन-दोनदा धुतलं. साडेतीन वाजता पंप पुन्हा सुरू झाला. सुई चढत गेली. चार, सहा, सात, आठ. आणि आठवर थांबली.

चेतनानं हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं. तिची पाचची गाडी होती. "अजून एक आहे," ती रडवेल्या आवाजात म्हणाली. "आणि ही शेवटची मोठी असणार."

"अब कौन बचा है?" शेठनी सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं. सगळ्यांनी माना हलवल्या. फक्त जागेश्वरनं हलवली नाही. तो चपलांकडे बघत होता.

"जागेश्वर, तुला माहीत आहे?"

"माहीत आहे जी."

"मग बोल ना!"

"मोठ्या शेठजींनी, तुमच्या बाबूजींनी, शपथ घातली होती. म्हणून बोललो नाही." जागेश्वरनं एक लांब श्वास सोडला. "पण आता तं तुम्ही काढूनच टाकलं. आन् तो फेस मी पाहिला. आता एकही कॉक लपून राहू नये." त्यानं उदबत्ती हातात घेतली आणि निघाला. मागं सगळी मिरवणूक, यावेळी सुशिलाबाईंसह. आवार ओलांडून, जास्वंदीच्या कुंपणामागून, शेठच्या बंगल्याच्या मागच्या भिंतीशी तो वाकला, कंबर धरून. तिथल्या जाड पाइपच्या सांध्याजवळ त्यानं उदबत्ती धरली. धूर असा आत गेला की राखसुद्धा बाहेर पडली नाही!

"ये... ये तो हमारे सोलर का पाइप है," शेठ म्हणाले.

"सोलर बसवल्यावर दुसऱ्याच वर्षी बंद पडलं जी. मोठ्या शेठजींनी मला सांगितलं, रिटर्न लाइनीतून दोन इंची जोडून दे, वीरेंद्रला बोलू नको, त्यानं हौसेनं आणलं आहे, त्याचं मन मोडेल."

शेठनी वर छपराकडे पाहिलं. काचा धुळीनं मातकट झालेल्या, आणि एका कोपऱ्यात कबुतराचं घरटं.

"मतलब... आषाढातलं उकळतं पाणी..."

"आपल्याच बॉयलरचं जी."

"पंधरा साल?"

"सतरा."

बंगल्याच्या मागच्या दारात शेठची आई, रुख्माबाई, येऊन उभी राहिली होती. "वीरेंद्र, पाइप को हाथ मत लगाने देना किसी को," ती म्हणाली. "तेरे बाबूजी ने मना किया था."

शेठ त्या पाइपकडे बघत होते. हातातली टिकली अजून बोटालाच चिकटली होती, ती काढायचाही त्यांना विसर पडला होता. मग ते स्वतः चालत मोठ्या फाटकापर्यंत गेले, पाटी काढली आणि काखेत मारून ऑफिसात गेले. जाता जाता एवढंच म्हणाले, "जागेश्वर, सुबह टाइम पे आना."

दोन इंची पाइपला बूच बसलं. सुई दहावर गेली आणि दगडासारखी थांबली. पाणी स्वच्छ आलं, दुसरा पंप सुरू झाला आणि सगळं पाणी मुकाट बॉयलरकडे जाऊ लागलं. चेतनानं जागेश्वरकडून नव्या कागदावर सही घेतली, त्याच ओळीवर: सगळे कॉक दाखवले आहेत. या वेळी सही सरळ आली. जाताना तिनं पिशवीतला एक लाल टॅग त्याच्या हातात दिला. "घरी लावायला, काका," ती म्हणाली आणि गाडी पकडायला ऑटोकडे पळाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला, धुक्यात, क्वार्टरसमोर जागेश्वर उकिडवा बसला होता. तीन विटांची चूल, वर पत्र्याचा डबा, खाली भुसा. अठ्ठावीस वर्षं ज्यानं टनावारी वाफ काढली, त्याच्यानं एक डबाभर पाणी काही गरम होईना! धूर मात्र भरपूर. डोळ्यांतून पाणी गळत होतं. डब्याच्या कडीला लाल टॅग लटकत होता: 'काम चालू आहे. हात लावू नये.'

दारात सुशिलाबाई शाल पांघरून बसल्या होत्या. "फुंका जरा जोरानं," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, हळू आवाजात, "राहू द्या जी, डोळे जातील तुमचे. थंड्यानं करतो आज."

"चूप बस," जागेश्वर म्हणाला आणि पुन्हा फुंकू लागला.

धुक्यातून कोणीतरी आलं. गळ्यात मफलर, खांद्यावर टॉवेल, हातात स्टीलची बादली. वीरेंद्र शेठ! त्यांच्या मागं, जरा अंतर ठेवून, किटली घेतलेले मुनीमजी. आणि त्यांच्या मागं बिसराम.

शेठनी घसा खाकरला. "अम्मा थंड पाण्यानं आंघोळ करत नाही म्हणते. एक बादली मिळेल का?" त्यांनी डब्याकडे पाहिलं, टॅग वाचला आणि बादली दोन पावलं मागं ठेवली. "जागेश्वर, कितना टाइम लगेगा?"

जागेश्वरच्या तोंडात शब्द आलेच होते. त्यानं सुशिलाबाईंकडे पाहिलं. बाईंनी भुवया वर केल्या होत्या.

"सांगता येत नाही जी," तो म्हणाला. "तुम्ही बसून घ्या."